हरवलेली गोळी आणि इल्फर्डची काच

हिंदी सिनेमाने आपल्याला बंदुकीच्या जखमेवर एकच उपचार शिकवला आहे: गोळी काढा. चाकू तापवायचा, जखमी माणसाच्या दातांत कापडाचा बोळा द्यायचा, ताटलीत गोळी पडल्याचा आवाज आला की संकट टळले. ही समजूत सिनेमाने जन्माला घातलेली नाही. जवळजवळ चारशे वर्षे युरोपातले नामांकित शल्यवैद्यही हेच मानत होते आणि या समजुतीपायी किती माणसे गेली याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. एका माणसाच्या बाबतीत मात्र तो दिवसागणिक ठेवला गेला. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर पाठीमागून गोळी झाडली गेली. डॉ. विलार्ड ब्लिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न धुतलेली बोटे आणि सळया जखमेत पुन्हापुन्हा घातल्या. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल धातू शोधणारे विजेचे यंत्र घेऊन आले, पण त्यांनाही गोळी सापडली नाही. १९ सप्टेंबरला गारफील्ड वारले. शवविच्छेदनात दिसले की डॉक्टर उजव्या बाजूला शोधत होते आणि गोळी डावीकडे, स्वादुपिंडाजवळ, शरीराने स्वतःच विणलेल्या आवरणात निपचित पडून होती. तिला तिथेच राहू दिले असते तर ते बहुधा जगले असते, असे आज वैद्यकाच्या इतिहासाचे बरेच अभ्यासक मानतात. बंदुकीच्या जखमेच्या उपचारातली खरी क्रांती गोळी काढण्याच्या कौशल्यात झाली नाही. ती शोधण्यासाठी जखमेत हात घालण्याची गरज संपली तेव्हा झाली, असे मला वाटते. आणि या गोष्टीतला एक महत्त्वाचा टप्पा लंडनच्या पूर्वेला, एसेक्स परगण्यातल्या इल्फर्ड नावाच्या तेव्हाच्या लहानशा गावात पडतो.

गारफील्ड यांचे डॉक्टर निष्काळजी होते एवढे म्हणून चालणार नाही. ते परंपरेने वागत होते. सोळाव्या शतकात बंदुकीची दारू विषारी असते असा समज होता, म्हणून जखमेत उकळते तेल ओतत. १५३७ मध्ये इटलीच्या मोहिमेत आंब्रवाझ पारे या तरुण फ्रेंच शल्यवैद्याजवळचे तेल संपले. त्याने नाइलाजाने अंड्याचा बलक, गुलाबतेल आणि टर्पेंटाइन यांचा लेप लावला. सकाळी तेल ओतलेले सैनिक तापाने तळमळत होते आणि लेपवाले शांत झोपले होते. पारेने तेल सोडले, पण गोळीचा शोध सोडला नाही. उलट गोळी काढण्याचे चिमटे तो अधिकाधिक नाजूक बनवत गेला. तीनशे वर्षांनंतरही प्रगतीची दिशा तीच होती. १८६२ मध्ये इटालियन सेनानी गॅरिबाल्डीच्या घोट्यात गोळी अडकली, तेव्हा फ्रेंच शल्यवैद्य ओग्युस्त नेलातोंच्या सूचनेवरून टोकाला न चकाकणारा चिनी मातीचा मणी लावलेली सळई तयार झाली. मणी शिशाला घासला की त्यावर करडा डाग उमटे आणि आत हाड नसून गोळी आहे हे कळे. मोठी चतुर युक्ती, पण डाग उमटेपर्यंत सळई मांसात फिरवावी लागे. प्रत्येक फेरीबरोबर बाहेरची घाण आत जाई आणि गोठलेले रक्त सुटून रक्तस्राव पुन्हा सुरू होई. आंधळ्याच्या हातात कितीही चांगली काठी दिली तरी त्याला दिसू लागत नाही, तसेच होते हे.

दिसण्याची सोय दोन शोधांच्या मेळातून झाली आणि त्यांतल्या एकाचेच नाव आपण घेतो. विल्हेल्म रोन्टगेन यांनी नोव्हेंबर १८९५ मध्ये क्ष-किरण पाहिले, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. पण किरण उमटणार कशावर? १८७० च्या दशकापर्यंत बहुतेक छायाचित्रकार ओल्या काचेवर काम करत. कोलोडियनचा थर दिलेली काच दहा-पंधरा मिनिटांत वाळायची आणि त्याआधीच चित्र घेऊन ती धुवावी लागे. सुरुवातीच्या क्ष-किरण नळ्या इतक्या दुबळ्या होत्या की मनगटासारख्या अवयवाच्या चित्रालाही कधीकधी तासन्‌तास लागत. ओल्या काचेवर ते चित्र निघणे अशक्यच. १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने जिलेटिनचा कोरडा थर सुचवला आणि दशक सरता सरता कारखानदारांनी त्याचा धंदा केला. त्यांतला एक आल्फ्रेड ह्यू हार्मन. लंडनच्या पेकहॅम भागातला हा छायाचित्रकार १८७९ मध्ये इल्फर्डला आला आणि क्रॅनब्रुक रोडवरच्या घरात कोरड्या काचा बनवू लागला. धूर आणि धूळ हे अशा काचेचे हाडवैरी. लंडनच्या हवेत तो थर नीट देता येईना. इल्फर्ड तेव्हा मळ्यांच्या शेजारचे स्वच्छ हवेचे गाव होते आणि राजधानी रेल्वेने जवळ. ‘ब्रिटानिया वर्क्स’ या नावाने सुरू झालेला हा उद्योग रोडन स्ट्रीटवरच्या कारखान्यात वाढला आणि १९०२ मध्ये त्याने गावाचेच नाव घेतले: इल्फर्ड लिमिटेड. पुढे छायाचित्रांच्या फिल्मबरोबरच रुग्णालयांसाठी एक्स-रे प्लेट आणि फिल्म बनवणाऱ्या ब्रिटनमधल्या प्रमुख कंपन्यांत तिची गणना होई. जुन्या पिढीतल्या आपल्याकडच्या छायाचित्रकारांनाही इल्फर्डच्या कृष्णधवल रोलचे डबे आठवत असतील. त्या नावाचे एक गाव आहे हे फार थोड्यांना ठाऊक असायचे.

क्ष-किरण आणि कोरडी काच यांची गाठ बंदुकीच्या जखमेशी पडली ती रणांगणावर नव्हे, एका अपघातात. लिव्हरपूलमधल्या बारा वर्षांच्या मुलाने चुकून स्वतःच्याच डाव्या मनगटात छर्रा मारून घेतला होता. शल्यवैद्य रॉबर्ट जोन्स यांना तो चाचपून सापडेना. ते त्याला युनिव्हर्सिटी कॉलेजात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक ऑलिव्हर लॉज यांच्याकडे घेऊन गेले. ७ फेब्रुवारी १८९६ रोजी, म्हणजे रोन्टगेनच्या शोधाची बातमी फुटून जेमतेम महिना झाला असताना, मुलाचा हात सुमारे दोन तास काचेवर ठेवून चित्र घेतले आणि हाडांच्या सांध्यात रुतलेला छर्रा स्पष्ट दिसला. त्याच महिन्यात ‘लॅन्सेट’ने ही हकीकत छापली. मला या प्रसंगातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही की या दोन तासांत त्या मुलाच्या जखमेला कोणी हातही लावला नाही. पंधरा वर्षांपूर्वी एका राष्ट्राध्यक्षाला जे मिळाले नव्हते, ते एका सामान्य घरातल्या पोराला मिळाले.

यानंतर लष्कराने घाई केली. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत, वायव्य सरहद्दीच्या डोंगरांत, सर्जन-मेजर वॉल्टर बीव्हर यांनी क्ष-किरण यंत्र नेऊन जखमी सैनिकांच्या शरीरातल्या गोळ्या शोधल्या. युद्धभूमीवरच्या क्ष-किरणांचा हा अगदी सुरुवातीचा वापर हिंदुस्थानच्या सैन्यात झाला, हे आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते. पुढच्याच वर्षी सुदानच्या मोहिमेत मेजर जॉन बॅटर्सबी यांनी नाईलकाठच्या रुग्णालयात दोन माणसांनी पायडल मारायच्या सायकलीवर वीज तयार केली. वाळवंटाच्या उन्हात जिलेटिनचा थर मऊ पडे, काचा फुटत, तरीही ओम्डुर्मनच्या लढाईनंतर आलेल्या जखमींपैकी २१ जणांत नेहमीच्या पद्धतीने गोळीचा पत्ता लागत नव्हता, त्यांतल्या २० जणांत काचेने उत्तर दिले. उत्तर कधी ‘गोळी इथे आहे’ असे होते, तर कधी ‘गोळी आत नाहीच’ असे. दुसरे उत्तर मला पहिल्यापेक्षा अधिक मोलाचे वाटते. आरपार गेलेली गोळी शोधण्यासाठी मांस उकरले जाणे, यापेक्षा व्यर्थ यातना दुसरी नसेल.

इथे कोणी विचारेल, हे श्रेय काचेला का? शल्यवैद्य जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्येच कार्बोलिक आम्लाने जंतू मारण्याची पद्धत मांडली होती. हात स्वच्छ असते तर शोधूनही काही बिघडले नसते. शिवाय शतकाच्या शेवटी गोळीही बदलली. शिशाच्या मऊ, जाड गोळीऐवजी धातूचे कवच चढवलेली बारीक आणि वेगवान गोळी आली आणि तिच्या जखमा दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात पुष्कळदा आपसूक भरल्या. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. पण लिस्टर यांच्या पद्धतीची माहिती १८८१ मध्ये अमेरिकेत होती, तरी गारफील्ड यांच्या खाटेपाशी ती पाळली गेली नाही. ‘गोळी आत कुठेतरी आहे’ या अस्वस्थतेपुढे नियम टिकत नाहीत. ती अस्वस्थता काच शमवत होती. आणि गोळ्यांबद्दल बोलायचे तर त्याच काळात कलकत्त्याजवळच्या डमडम कारखान्यात टोकाशी कवच उघडे ठेवलेली, शरीरात फुलणारी गोळी बनत होती. १८९९ च्या हेग परिषदेत तिच्यावर बंदी घालावी लागली. तेव्हा गोळी सौम्य झाली म्हणून जखमा सौम्य झाल्या, हे स्पष्टीकरण फार तर अर्धे खरे.

याहून बळकट आक्षेप पोटाच्या जखमांचा आहे आणि तो टाळून माझे म्हणणे पुरे होणार नाही. बोअर युद्धातल्या अनुभवावरून इंग्रज शल्यवैद्यांनी नियम काढला की पोटात गोळी लागलेल्या माणसाचे पोट उघडू नये. उघडले तर तो मरतो, सोडून दिला तर जगतो. हात आवरण्याचा हा धडा १९१४ मध्ये फ्रान्सच्या खंदकांत नेला गेला आणि तिथे तो प्राणघातक ठरला. फाटलेले आतडे आपोआप जुळत नाही. १९१५ पासून आघाडीच्या जवळच लवकर पोट उघडण्याचा निर्णय झाला आणि मग माणसे वाचू लागली. शेणखताने भरलेल्या त्या मातीत साध्या मांसाच्या जखमाही सडत, म्हणून मेलेले मांस कापून जखम उघडी ठेवण्याची पद्धत रूढ झाली. म्हणजे डॉक्टरांनी काही करूच नये असा याचा अर्थ होत नाही. सुरी कुठे चालवायची हे आधी ठरायला हवे आणि ते बोटाने नव्हे, डोळ्याने ठरायला हवे. डॉ. मॅकेन्झी डेव्हिडसन यांनी दोन बाजूंनी घेतलेल्या चित्रांवरून, ताणलेल्या दोऱ्यांच्या साहाय्याने, गोळी कातडीपासून किती खोल आहे हे मोजण्याची रीत १८९८ च्या सुमारास बसवली होती; पहिल्या महायुद्धात ती हजारो जखमींच्या कामी आली. युद्धामुळे प्लेटसाठी लागणारी बेल्जियमची काच येईनाशी झाल्यावर काचेची जागा हळूहळू फिल्मने घेतली. आणि डोळ्यांना दिसू लागल्यावर डॉक्टरांना कळले की स्नायूत शांत बसलेली गोळी बहुतेक वेळा काढण्याची गरजच नसते. सांध्यातली गोळी मात्र काढावी लागते, कारण सांध्यातल्या द्रवात शिसे विरघळते आणि काही वर्षांनंतर अंगात विष भिनते. कोणती ठेवायची आणि कोणती काढायची हा विवेक सळईने कधीच दिला नसता.

लिव्हरपूलच्या मुलावर उपचार करणारे रॉबर्ट जोन्स या कथेत पुन्हा येतात. त्यांचे काका ह्यू ओवेन टॉमस यांनी मोडलेला पाय ताणून स्थिर ठेवणारी लोखंडी चौकट बनवली होती आणि ती कित्येक वर्षे दुर्लक्षित होती. गोळीने मांडीचे हाड मोडले की सैनिक बहुधा वाटेतच मरत, कारण स्ट्रेचरवर हाडाची टोके हलत राहत आणि आत रक्त वाहत राही. जोन्स यांनी ही चौकट महायुद्धात आघाडीपर्यंत पोहोचवली. तेव्हाच्या लष्करी नोंदींनुसार अशा जखमांतले मृत्यू सुमारे ८० टक्क्यांवरून २० टक्क्यांच्या खाली आले. पुढच्या अभ्यासकांनी या आकड्यांवर वाद घातले आहेत. दिशेबद्दल वाद नाही. नुसती चांगली काच असून भागत नाही हे दुसऱ्या टोकाला मेसोपोटेमियात दिसले. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनच्या लढाईनंतर सहाव्या पुणे डिव्हिजनचे जखमी, ज्यांत मराठा पलटणींचे जवानही होते, स्प्रिंग नसलेल्या गाड्यांतून आणि खचाखच भरलेल्या आगबोटींवरून बसऱ्याला आणले गेले. कित्येकांच्या जखमा दिवसचे दिवस बांधल्याच गेल्या नव्हत्या. १९१७ च्या मेसोपोटेमिया आयोगाच्या अहवालाने या व्यवस्थेवर कठोर ठपका ठेवला. माण-खटावच्या आणि कोकणच्या घरांत त्या युद्धाच्या आठवणी टिकल्या त्या पदकांच्या. गाडीतल्या त्या प्रवासाचे स्मारक कोणी बांधले नाही.

प्रतिबंधाची कथा उपचाराच्या कथेइतकी सरळ नाही, कारण बंदुकीवरचे कायदे बहुतेक वेळा अपघाताच्या काळजीतून जन्मलेच नाहीत. एक जुना अपवाद मात्र आहे: नळीची परीक्षा. वाईट लोखंडाची नळी फुटून बंदूकवाल्याचाच हात जायचा, म्हणून लंडनच्या गनमेकर्स कंपनीला सतराव्या शतकातच नळ्या जादा दारू भरून तपासण्याचा अधिकार मिळाला. तिचे परीक्षागृह इल्फर्डहून लंडनकडे जाणाऱ्या मार्गाच्या टोकाशी, व्हाइटचॅपेलच्या कमर्शियल रोडवर आजही चालू आहे. १८६८ च्या कायद्याखाली न तपासलेली नळी विकणे हा गुन्हा होता. वस्तूवर असा बंदोबस्त असताना माणसावर मात्र काहीच नव्हता. १८७० पासून दहा शिलिंग भरून पोस्टात बंदुकीचा परवाना मिळे; तो महसुलासाठी होता. लिव्हरपूलच्या मुलाच्या मनगटात छर्रा रुतला तेव्हा लहान मुलाला छर्ऱ्याचे हत्यार मिळणे ही कोणाच्या कपाळावर आठी आणणारी गोष्ट नव्हती. १९०३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालच्यांना पिस्तूल विकण्यास मनाई केली. १९२० च्या कायद्याने प्रथमच पोलिसांकडून दाखला घेणे आवश्यक ठरवले, पण त्यामागे युद्धावरून परतलेल्या शस्त्रांची आणि क्रांतीची धास्ती होती. आपल्याकडचा १८७८ चा शस्त्र कायदा तर उघडउघड बंडाच्या भीतीने झाला होता. युरोपियनांना त्यातून सवलत होती आणि काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांनी त्याविरुद्ध ठराव केले, ते रास्तच होते.

म्हणून काही जण म्हणतात की शस्त्रबंदी म्हणजे सरकारची भीती, तिला आरोग्याचा मुलामा देऊ नये. १८७८ च्या कायद्यापुरते ते बरोबर आहे. पण कायदा कोणत्या हेतूने केला आणि त्याचा काय परिणाम झाला, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये फेब्रुवारी २०११ पासून घरातली एअरगन अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागू नये म्हणून वाजवी खबरदारी न घेणे हाच गुन्हा आहे. हा नियम कोणाचे हत्यार हिरावून घेत नाही, त्याला कुलूप लावायला सांगतो. लिव्हरपूलच्या घटनेनंतर हे एवढे साधे सुचायला एकशे पंधरा वर्षे लागली, याचे मला आश्चर्य वाटते आणि थोडी लाजही. ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलची डॉक्टरांना सूचना आहे की बंदुकीच्या जखमेची माहिती पोलिसांना द्यावी आणि त्यात परवान्याच्या बंदुकीने झालेला अपघातही धरला आहे, कारण परवाना कोणाकडे राहावा हा प्रश्न अपघातानेही उभा राहतो. पण तीच सूचना रुग्णाच्या उपचारात पोलिसांमुळे अडथळा येऊ नये असेही बजावते.

इल्फर्डचे पुढे काय झाले तेही सांगून टाकतो. एक्स-रेच्या काचा जगभर पाठवणाऱ्या या गावाला स्वतःचे इमर्जन्सी हॉस्पिटल मिळाले ते १९१२ मध्ये, हार्मन आल्यानंतर तब्बल तेहतीस वर्षांनी. १९३१ पासून त्याचे नाव किंग जॉर्ज हॉस्पिटल. रोडन स्ट्रीटचा कारखाना १९७६ मध्ये बंद पडला आणि पुढे कंपनी चेशरमधल्या मोबर्लीला गेली. आता क्ष-किरणांना काच लागत नाही आणि फिल्मही लागत नाही. इल्फर्डच्या परिसरात कोणाला गोळी लागली तर त्याला शक्यतो थेट व्हाइटचॅपेलच्या रॉयल लंडन हॉस्पिटलच्या ट्रॉमा सेंटरमध्ये नेतात, जिथे सी. टी. स्कॅन आधी होतो आणि गोळीचा विचार नंतर. तिथे पहिला प्रश्न रक्त कुठून वाहते आहे हा असतो. गोळी कुठे आहे, हा प्रश्न रांगेत बराच मागे उभा असतो.

आपल्याकडे रांग अजून उलटी आहे. १ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिनेते गोविंदा यांच्या जुहूच्या घरी परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून चुकून गोळी सुटली आणि त्यांच्या पायाला लागली. दिवसभर वाहिन्यांवर मथळा एकच: गोळी काढली. ते तीन दिवसांत घरी परतले, ही आनंदाची गोष्ट. पण भरलेले रिव्हॉल्व्हर घरात कसे ठेवावे, यावर त्या आठवड्यात फारशी चर्चा झाली नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी सुरक्षिततेचे प्रशिक्षण घालून दिले आहे, पण कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका त्याआधीपासून कित्येक घरांत आहेत आणि विनापरवाना बंदुका त्याहून वेगळ्या. २०२५ च्या जानेवारीत पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या जंगलात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्यांनी आपल्याच सोबत्याला डुक्कर समजून गोळी घातली आणि घाबरून मृतदेह लपवून ठेवला. शिकार बेकायदा असल्याने दवाखान्यापेक्षा पोलिसांची भीती मोठी ठरली. ती भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही, पण जखमीला आधी उपचार मिळालाच पाहिजे हे १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. पोलीस केस आहे म्हणून कोणताही डॉक्टर, सरकारी असो वा खाजगी, जखमीला दारातून परत पाठवू शकत नाही.

तेव्हा घरात परवान्याची बंदूक असेल तर ती रिकामी करून ठेवा, गोळ्या वेगळ्या कुलपात ठेवा आणि किल्ली मुलांना ठाऊक असू देऊ नका. शिकारीच्या पार्टीत बंदूक भरलेली आहे की नाही हे विचारायला लाजू नका. आणि अपघात झालाच तर जखमेत बोट किंवा काहीही घालू नका, हळद-चुनाही नको; स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात-पाय हलू देऊ नका, आणि १०८ ला फोन करा.